दहाच्या पटीत

अर्जात रकाना होता : आपले कौशल्य.
मी लिहिलं, भुईकाटा.
संस्थेच्या ताईंना वाटलं, मैदानी खेळ असावा.

सांगलीच्या मार्केट यार्डात एकवीस वर्षं
मी गाड्या तोलतोय.
भरलेली वजा रिकामी, उरली ती हळद.
तेवढंच गणित येतं मला, पण चुकत नाही.

दर रविवारी चार ते साडेपाच,
महापालिका शाळा, खोली नंबर सात.
एक मोठा, एक लहान, असं समोरासमोर बसवलं आम्हाला
कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखं.
माझ्या वाट्याला तौफिक शिकलगार, नववी ब,
नखांत ग्रीस, नजर खिडकीच्या गजांवर.

प्रशिक्षणात बजावलं होतं, उपदेश नको, ऐका.
आता तो बोलेचना, तर काय ऐकू?
दोन रविवार आम्ही पंखा ऐकला.
तिसऱ्या रविवारी म्हणाला,
"ह्येचं बेअरिंग गेलंय."

चौथ्याला विचारलं,
"तुमास्नी किती देत्यात ओ ह्येचं?"
काही नाही.
"च्याबी न्हाई?"
चहा असतो.
"मग कशाला येताय?"

काट्यावर ड्रायव्हरांनी मला काय काय विचारलंय,
निम्मं तर आईवरून.
त्या सगळ्याला उत्तरं होती माझ्याकडे.
इथे मी बशीतला कप
नुसता फिरवत बसलो.

एकदा त्याला यार्डात नेलं.
साठ फुटी लोखंडी पाटावर तो एकटा उभा राहिला,
हात पाठीमागे, फोटोला राहावं तसा.
आकडा आला : चाळीस.
"बरोबर चाळीस?"
नाही रे, हा दहाच्या पटीत दाखवतो.
मधलं काही याला कळत नाही.

ऑगस्टात नदी चढली.
आयर्विनला बत्तीस, मग छत्तीस,
सूर्यवंशी प्लॉटात पाणी,
कार्यक्रम पुढील सूचनेपर्यंत बंद, असा मेसेज.
तरी मी गेलो. सवय म्हणा.
सात नंबरमध्ये चार कुटुंबं, गॅसच्या टाक्या,
दोरीवर ओले परकर, बाकाला बांधलेली शेळी.
तौफिकची आई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती.
तो मात्र आमच्याच बाकावर,
बहिणीला जरा सरकवून म्हणाला,
"चार वाजल्यात. बसा की."

त्या दिवशी आम्ही कशावर बोललो, आठवत नाही.
शेळी मधेमधे ओरडत होती.

दिवाळीनंतर सहा रविवार तो आला नाही.
कुपवाडला मामाच्या लेथवर लागला, असं कुणी म्हणालं.
मी गेलो नाही शोधायला.
जायला हवं होतं, का नव्हतं,
प्रशिक्षणात याचं पान नव्हतं.
सातव्या रविवारी आला, अंगठ्याला पट्टी,
आणि बीजगणिताचं पुस्तक उघडून
सरळ माझ्यापुढे ढकललं.
बीजगणित मलाही येत नाही.
दोघांनी मिळून चुकवलं.

मार्चमध्ये शेवटचा फॉर्म.
मुलाची प्रगती, एक ते पाच, योग्य आकड्याला गोल करा.
पेन उघडून बराच वेळ बसलो.
मग घडी करून खिशात घातला, तो अजून तिथंच आहे.

परवा तौफिक स्वतःहून काट्यावर आला.
चढला. चाळीस.
"अजून चाळीसच?"
चेहरा उतरला त्याचा. पॅन्ट तर घोट्याच्या वर गेलेली.
सांगितलं, मधलं दिसत नाही याला.
"मग तुमी चढा. म्या बघतो."

एकवीस वर्षांत त्या पाटावर
मी तोलायला म्हणून उभा राहिलो नव्हतो.
पायाखाली लोखंड तापलेलं.
आत माझ्या खुर्चीवर तो,
माझा चष्मा बाजूला सारून आकडा बघतोय,
आणि माझ्यामागे तासगावची गाडी, हॉर्नवर हॉर्न.

खिडकीतून हात हलवत ओरडला,
"सत्तर! झालं. उतरा आता,
गाडी घ्यायचीय."